दर्या आणायला कोण जाईल?

कोल्हापुरात समुद्र नाही. पंचगंगेला पूर आला की थोडा वेळ तसं वाटतं, पण ते काही खरं नव्हे. तरीही त्या श्रावणात एकविसाव्या मजल्यावरच्या तांडेलांच्या घरी समुद्र अगदी दारापर्यंत येत होता आणि आत पाऊल टाकायला काही केल्या तयार नव्हता. निदान तांडेलांच्या नातीचं, उर्वीचं म्हणणं तसं होतं, आणि ती सकाळपासून त्याच्यावर जाम चिडली होती.

"पुन्हा माग," ती भिंतीला म्हणाली.

त्या काळी घरोघरी भिंतीच संगणकाच्या पडद्याचं काम करत. भिंतीत ब्राउझर (वेबपानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) असे आणि तो बोलतही असे.

"उत्तर आलं आहे," भिंत अतिशय नम्रपणे म्हणाली. "पण ते या पानाला देता येत नाही."

"आलंय ना? मग दे की!"

"देता येत नाही. क्षमस्व."

क्षमस्व म्हणणाऱ्या भिंतीशी भांडता येत नाही, ही त्या काळच्या मुलांची मोठीच पंचाईत होती. उर्वीने उशी उचलली, भिंतीवर फेकली आणि स्वतःच जाऊन उचलून आणली.

एवढी चिडचिड कशासाठी, ते आता सांगायला हवं.

तांडेलांचं मूळ गाव खारवणे. सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या तोंडावर वसलेलं छोटंसं गाव. समुद्राची पातळी चढत गेली तसं खारवण्याचं एकेक घर पाण्यात जाऊ लागलं आणि शेवटी सगळ्या गावालाच उठावं लागलं. तेव्हा उर्वी बालवाडीत होती. तिला खारवण्याचं फारसं काही आठवत नाही. वाळत घातलेल्या बांगडा मासळीचा वास आठवतो, आणि आजोबांच्या खांद्यावरून दिसणारं खूप सारं चकचकीत पाणी. बस्स. पण एवढंसं आठवत असलं तरी कधीकधी शाळेतून येताना ती उगाचच थांबून तो वास शोधू लागे, आणि ते कशासाठी हे तिला कोणाला सांगताही येत नसे.

आजोबांना मात्र सगळंच आठवत असे. दत्ताराम तांडेल हे खारवण्याचे पहिले शास्त्रज्ञ. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत त्यांनी आयुष्य घालवलं होतं. खारवण्याच्या धक्क्यावरचं भरती-ओहोटी मोजणारं केंद्र त्यांनीच उभं केलं होतं. शास्त्र सांगायला बसले की ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत आणि मन भरून आलं की त्यांच्या तोंडी मालवणी येई. कोल्हापुरात आल्यापासून मालवणी फारच कमी ऐकू यायची.

नारळी पौर्णिमेला, भरती पुरती चढली की, खारवण्याच्या धक्क्यावर गाऱ्हाणं घालायचा मान तांडेलांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने केलेली विनवणी. एकाने म्हणायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" अशी साथ द्यायची. गाव उठल्यावरही आजोबा दरवर्षी होडीने तिकडे जात. पण खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी होडी बंद केली. तेव्हापासून गाऱ्हाणंही बंद.

"घरातच म्हणा ना," गेल्या वर्षी बाबांनी सुचवलं होतं. त्यांनी खास समुद्राच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही आणलं होतं.

आजोबांनी ते शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "रेकॉर्डिंगला गाऱ्हाणं घालायचं म्हणजे फोटोतल्या माणसाला जेवायला वाढण्यासारखं झालं रे. आजचा दर्या समोर हवा. तो ऐकत असेल तर बोलायचं." मग ते आपल्या खोलीत गेले आणि दिवसभर बाहेर आले नाहीत. नारळ देवघरातच राहिला. उर्वीला तो दिवस अजिबात आवडला नव्हता.

म्हणून या वर्षी तिने ठरवलं होतं की आजचा दर्या घरी आणायचाच.

आणि ते अशक्यही नव्हतं. उंच धक्क्यावरचं आजोबांचं केंद्र अजून चालू होतं! तिथे माणूस नव्हतं, पण उन्हावर चालणारी यंत्रं होती आणि धक्क्याच्या खांबाला बांधलेला पाण्यातला माईक होता. माईकला जे ऐकू येई त्याचे आकडे केंद्राचा सर्व्हर (कोणी मागितलं की माहिती देणारा संगणक) मागेल त्याला देत असे. 'ही माहिती सर्वांसाठी खुली आहे' असं त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. उर्वीने त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं एक वेबपान बनवलं. शाळेत हे सगळे शिकत, त्यात काही विशेष नव्हतं. पान तिने शाळेच्या सर्व्हरवर ठेवलं, घरच्या भिंतीवर उघडलं, आणि तिथेच गाडी अडली.

खरी गंमत पुढे आहे. केंद्राचा पत्ता भिंतीवर नुसता उघडला की आकडे धो धो वाहताना दिसत. तोच पत्ता उर्वीच्या पानाने मागितला की भिंत म्हणे, "देता येत नाही." घर तेच, भिंत तीच, केंद्र तेच. मग अडवतंय कोण?

उर्वीची खात्री झाली होती की केंद्रच आपल्याला नाही म्हणतंय. तिने संस्थेला मेल पाठवून पाहिला. 'आपली विनंती नोंदवली आहे' असं यंत्राचं उत्तर आलं. तिने आणखी दोन पाठवले. त्यांचीही नोंद झाली.

शेवटी तिला इंटरनेटवर एक फुकट सेवा सापडली. 'तुमचं पान अडलंय? पत्ता द्या, आम्ही आणून देतो!' उर्वीने केंद्राचा पत्ता तिला दिला, आणि काय आश्चर्य! खोलीत एकदम समुद्र भरला. फळ्यांवर आपटणारं पाणी, त्यामागे कुठेतरी लोखंडी साखळीचा खणखणाट, आणि तव्यात मोहरी तडतडावी तसा सतत चाललेला बारीक आवाज.

"आजोबा! आजोबा, लवकर या!"

आजोबा काठी टेकत दारात आले आणि तिथेच थबकले. त्यांचा हात चौकटीवर गेला.

"झिंगे," ते हळूच म्हणाले. "तडतडतंय ना? ते झिंगे हत, कोळंबीची जात. चिमटो आपटतत पाण्यात." त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की उर्वीला वाटलं, आपण आता उड्याच मारू.

पण मग आजोबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे उघडून घड्याळाकडे पाहिलं.

"आज तिथी कुठली?"

"सप्तमी. मुद्दाम बघून ठेवलंय. पौर्णिमेला अजून वेळ आहे."

"आणि वाजले किती? अकरा." आजोबा खुर्चीवर बसले. "उर्वी, ह्यो आजचो दर्यो नाय गो."

"असं कसं? केंद्रातूनच येतोय!"

"चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, हे तुला माहीत आहे. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज थोडी उशिरा. खारवण्याचं लहान पोरसुद्धा हिशेब सांगायचं, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. सप्तमीला सव्वापाच. म्हणजे आत्ता अकरा वाजता पूर्ण सुकती हवी, पाणी खाली गेलेलं. आणि हे तर धक्क्याच्या फळ्यांवर आपटतंय. हा कुठल्यातरी मागच्या दिवसाचा आवाज आहे. कोणी आणून दिला तुला?"

उर्वीने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला रडू यायला लागलं, कारण पुन्हा रेकॉर्डिंगच निघालं होतं, फक्त ते बाबांऐवजी तिने आणलं होतं. "केंद्र मला देतच नाही, आजोबा. तुम्ही बांधलेलं केंद्र, आणि तुमच्याच नातीला देत नाही!"

"देतंय की. भिंत काय म्हणाली? उत्तर आलं आहे."

उर्वीने नाक पुसलं. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मासळी घरापर्यंत आली, दारात अडली," आजोबा म्हणाले. "आमचं रोज व्हायचं असं. बस इथे."

ते पुस्तकी मराठीत बोलत होते खरे, पण नजर भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी होती.

"होड्या किनाऱ्याला लागल्या की आम्ही पोरं धावत सुटायचो. कोणाच्याही होडीपाशी जाऊन मासळी मागितली तर कोणी नाही म्हणायचं नाही. पण घेऊन घरी आलो की दारात आई. ती आधी माशाच्या कल्ल्यात बघायची. तिथे माडाच्या झावळीच्या पातीची गाठ असेल तर मासा आत. नसेल तर मासा बाहेर आणि आम्हीही बाहेर."

"गाठ कशाला?"

"एकदा परगावचा एक व्यापारी आला होता, घराघरांत पाहुणा म्हणून जाऊन बसायचा. मोठा गोड माणूस. पोरांना गोळ्या वाटायचा आणि कानात सांगायचा, 'जा, त्या होडीवर जा, आणि मिळेल ते मला आणून दे.' होडीवाले आम्हाला तोंडावरून ओळखायचे. तांडेलांचं पोर आलंय म्हणून चांगली सुरमई द्यायचे. ती जायची व्यापाऱ्याच्या टोपलीत!"

"लबाडच की!"

"मग गावाने रीत पाडली. पोर आलं की होडीवाल्याने विचारायचं, तुला पाठवलं कोणी? ऐकून त्याला पटलं तर त्याने गाठ बांधायची. गाठ म्हणजे, 'कोणासाठी देतोय ते मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही.' गाठ नसलेली परकी मासळी पोराच्या हातात राहू द्यायची नाही, हे काम आयांचं. आपल्याच होडीची मासळी असली तर मात्र आई कल्ला बघायचीसुद्धा नाही."

उर्वी विचारात पडली. मग तिने हळूच भिंतीकडे बोट केलं. "ही आई आहे."

"बरोबर. ब्राउझर म्हणजे दारातली आई. आता व्यापारी कोण?"

"वाईट पान!" उर्वी ताठ बसली. "समजा मी एखादं खेळाचं पान उघडलं आणि ते लबाड असलं. ते गुपचूप माझ्या शाळेच्या सर्व्हरकडून माझे मार्क मागेल. शाळेला वाटेल मीच मागतेय, कारण ब्राउझरकडे माझी कुकी (सर्व्हरने दिलेली ओळखचिठ्ठी) असते. शाळा मार्क देईल आणि ते पान वाचेल!"

"म्हणून ब्राउझर बघतो की पानाचं ओरिजिन (पान ज्या पत्त्यावरून आलं तो मूळ पत्ता) आणि माहितीचं ओरिजिन एकच आहे का. एकच असेल तर आपल्याच होडीची मासळी. वेगळं असेल तर ती क्रॉस-ओरिजिन मागणी (एका घरच्या पानाने दुसऱ्या घरी केलेली मागणी). अशा मागणीसोबत ब्राउझर स्वतःच लिहून पाठवतो, 'मला अमक्या पानाने पाठवलंय.' पानाला त्यात खोटं बोलता येत नाही. आणि उत्तर आलं की गाठ शोधतो. ती गाठ उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तराच्या माथ्यावरच्या टिपेत) असते. तुझं पान शाळेच्या पत्त्यावरचं, दर्या केंद्राच्या पत्त्यावरचा. गाठ नाही, तर आत नाही."

"आणि केंद्राचा पत्ता मी नुसता उघडते तेव्हा?"

"तेव्हा मध्ये परकं पान कुठे असतं? तू स्वतः होडीवर जाऊन मासळी बघून येतेस. त्याला कोण कशाला अडवेल?"

"पण केंद्र गाठ का बांधत नाही? माहिती तर सगळ्यांना खुली आहे ना?"

आजोबा हसले. "आमच्याकडे सखाराम खवणेकर म्हणून म्हातारा होता. लाख माणूस. पोरांना ओंजळभर जास्तच द्यायचा. पण गाठ बांधायचा त्याला भारी कंटाळा. त्याची सगळी मासळी दारातच अडायची. केंद्राचा सर्व्हर तसाच जुना गडी आहे. देतो सगळ्यांना, गाठ बांधायचं त्याला कोणी शिकवलं नाही. आणि आता शिकवायला तिथे आहे कोण?"

"मग खवणेकरांची मासळी तुम्ही कधीच खाल्ली नाही?"

"खाल्ली नाही? पोटभर खाल्ली!" आजोबांचा आवाज एकदम तरुण झाला. "आमची बायो आत्या होती ना घरात. आम्ही पोरं दारात तोंड पाडून उभी असलो की ती पदर खोचून उठायची. स्वतः खवणेकरांकडे जायची आणि मासळी आणायची. ती जाणती बाई, तिला कोण फसवून पाठवणार? तिच्या मासळीत गाठ शोधायची गरजच नव्हती. ती आणून आमच्याच चुलीजवळच्या पाटीत टाकायची, आणि घरच्या पाटीतला मासा घ्यायला पोरांना कसली आलीये आडकाठी?" ते थांबले. "काय चवीचा माशांचा तिखला करी बायो आत्या. तसा परत खावक नाय गावला."

मग उर्वीने आजोबांचा हात धरला.

"आजोबा, आपल्याला एक बायो आत्या पाहिजे."

"तिलाच प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात," आजोबा म्हणाले. "म्हणजे आपल्या वतीने दुसरीकडून माहिती आणून देणारा सर्व्हर. अडवण्याचा नियम ब्राउझरचा असतो. एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरकडे मागितलं तर मध्ये ब्राउझर नसतोच, मग दारात आई कुठली? तुझी ती फुकट सेवाही प्रॉक्सीच होती. पण परक्या गावची. तिने एकदा आणलेला आवाज कॅशमध्ये (जुन्या उत्तरांच्या साठ्यात) ठेवला आणि तोच तुला वाढला. शिवाय तू काय मागतेस ते सगळं तिला दिसतं, ते वेगळंच. बायो आत्या घरचीच हवी."

दुपारी जेवण झाल्यावर आजोबांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. तिच्यातून तळहाताएवढा एक संगणक निघाला. आजोबा तो होडीतून फिरवत असत आणि त्याला 'बारक्या' म्हणत. त्याच्या कोपऱ्यात अजून मीठ धरलेलं होतं. उर्वीने ते पुसायला फडकं घेतलं तर आजोबांनी तिचा हात अडवला. "रवांदे."

बारक्या खिडकीत बसला. आजोबा सांगत गेले आणि उर्वी लिहीत गेली. कोणी 'दर्या' मागितला की बारक्याने केंद्राकडे जायचं, आकडे घ्यायचे आणि मागणाऱ्याच्या हातात ठेवायचे. एवढंच. उर्वीला ते इतकं सोपं वाटलं की तिने लिहून झाल्या झाल्या पान उघडलं.

"उत्तर आलं आहे," भिंत म्हणाली. "पण ते या पानाला देता येत नाही."

उर्वीने उशी उचलली. आजोबांनी ती काढून घेतली.

"पान कुठे राहतं तुझं?"

"शाळेच्या सर्व्हर..." उर्वीने कपाळावर हात मारला. पान शाळेच्या पत्त्यावर आणि बायो आत्या झालेला बारक्या घरच्या खिडकीत, म्हणजे पानाच्या दृष्टीने बायो आत्यासुद्धा परकीच! तिने पान उचलून बारक्यावरच आणलं. आता पान आणि प्रॉक्सी एका पत्त्यावर, एका घरात राहू लागले.

या वेळी भिंत काहीच बोलली नाही. आधी तडतड ऐकू आली, मग पाण्याचा अगदी संथ, खोल आवाज. आजोबांनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. भरती चढायला लागली होती, तिने यायचं तेव्हाच.

"मी याला असं करते," उर्वी उत्साहात म्हणाली, "की कोणीही, कुठलाही पत्ता दिला तरी तो आणून देईल! सगळ्यांचीच सोय!"

"आणि उद्या त्या गोळ्यावाल्या व्यापाऱ्याने बायो आत्यालाच कामाला लावलं तर? वाटेल तिथून वाटेल ते आणायला सांगितलं, तर नाव कोणाचं जाईल?"

"तांडेलांचं," उर्वी म्हणाली आणि मुकाट्याने एक ओळ वाढवली. बारक्या आता फक्त खारवण्याच्या केंद्राकडे जाणार होता, इतर कुठेही नाही. आजोबांनी आणखी एक ओळ घालायला लावली. कितीही जणांनी पान उघडलं तरी केंद्राकडे एकदाच मागायचं आणि तेच सगळ्यांना वाटायचं. तिकडचा गडी म्हातारा झालाय, त्याला पुन्हा पुन्हा हाका मारून दमवायचं नाही.

"आणि केंद्राला कुलूप असतं तर?" उर्वीने विचारलं. "तरी बायो आत्या गेली असती?"

"कधीच नाही. खुलं आहे म्हणून आणायचं. बायो आत्या मासळी मागून आणायची, उचलून नाही."

त्यानंतर रोज भिंतीतून दर्या येत राहिला. आईने स्वयंपाक करताना एकदा तो बंद कर म्हणून सांगितलं आणि मग थोड्या वेळाने स्वतःच विचारलं, "का गं, आज आवाज नाही तुमचा?" आई मूळची कोल्हापूरची. तिला समुद्राचं फारसं कौतुक नव्हतं, आणि खारवण्यातही गाऱ्हाण्याच्या वेळी ती धक्क्यावर न येता स्वयंपाकघरातच थांबायची. आजोबा मात्र आता जेवताना जरा जास्त वेळ बसू लागले आणि मालवणीत रागावूही लागले. चतुर्दशीला उर्वीने भरतीचा आवाज तपासण्यासाठी साठवून ठेवला. उद्यासाठी सगळं तयार होतं.

पौर्णिमेला सकाळी उठून तिने पान उघडलं, तर आवाजच नाही.

भिंतीवर बारक्याचा निरोप होता. 'केंद्राकडून उत्तर नाही.' तिने बारक्या बंद करून पुन्हा सुरू केला, सगळ्या ओळी तपासल्या. चूक कुठेच नव्हती. मग तिने हवामान पाहिलं. खारवण्यावर काल दुपारपासून काळेकुट्ट ढग होते. उन्हावर चालणारं केंद्र उपाशी झोपलं होतं.

आजोबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. नारळाला त्यांनी स्वतः हळदकुंकू लावलं. पौर्णिमा पंधरावी तिथी, पंधराच्या पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरतीचं टोक. अकरा वाजत आले होते.

उर्वीच्या समोर कालचा आवाज होता. नुसतं बोट लावायचं होतं. आणि या वेळी आजोबांनासुद्धा कळलं नसतं. कालची भरती आणि आजची भरती, फरक तो किती? एक दिवसाचा! ते खुश झाले असते, गाऱ्हाणं झालं असतं, सगळं छान झालं असतं.

तिचं बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मग तिने हात मागे घेतला.

"आजोबा," ती म्हणाली, "दर्या येत नाहीये. कालचा आहे माझ्याकडे. पण तो कालचा आहे."

आजोबा तिच्या शेजारी सतरंजीवर बसले, खुब्याची पर्वा न करता.

"येवक नाय तर वाट बघूया," ते म्हणाले. "दर्याची वाट बघूची आमका सवय असा."

ती दोघं बसून राहिली. बाबा येऊन मागे उभे राहिले. अकरा वाजून गेले. बारक्या दर थोड्या वेळाने केंद्राला हाक मारत होता आणि दर वेळी खरं तेच सांगत होता. उत्तर नाही. उत्तर नाही.

आणि मग, सव्वाअकराला थोडा अवकाश असताना, कुठेतरी खूप दूर मोहरी तडतडली.

तडतड वाढली. पाठोपाठ एक मोठी लाट धक्क्याच्या फळ्यांवर धाडकन फुटली आणि तिच्यामागून दुसरी. खारवण्यावर ऊन पडलं होतं. उधाणाची भरती, आजची, आत्ताची, सगळ्या घरात घुमत होती.

बाबांनी हात देऊन आजोबांना उभं केलं. आजोबांनी दोन्ही हातांत नारळ धरला, भिंतीकडे तोंड केलं आणि उर्वीने कधीच न ऐकलेल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा दर्याराजा म्हाराजा! आज तुझ्या दारात येवक जमाक नाय, पण तुझो आवाज माझ्या घरात इलो असा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा आणि उर्वी ओरडले.

"खारवण्याची पोरा-बाळा पोटासाठी खंय खंय गेली हत, तेंका सुखात ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो गाव तुझ्या पोटात गेलो, तेका सांभाळून ठेव म्हाराजा!"

बाबांना बोलता येईना. उर्वीने एकटीने, जमेल तेवढ्या मोठ्याने, साथ दिली. "व्हय म्हाराजा!"

लाट फुटली आणि ओसरली.

"आणि ह्या माझ्या नातीन तुका घराक आणल्यान, खऱ्यान आणल्यान. तिच्या हाताक यश दी म्हाराजा!"

आता आली का पंचाईत? स्वतःच्याच आशीर्वादाला स्वतः होकार कसा भरायचा? उर्वी गोंधळून गप्प राहिली. बाबा अजून डोळे पुसत होते.

"व्हय म्हाराजा!" मागून आवाज आला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला नारळीभाताची शितं तशीच चिकटलेली होती.

बऱ्याच वेळाने, जेवणं झाल्यावर, आजोबा झोपाळलेल्या डोळ्यांनी म्हणाले, "काय गो, गाऱ्हाना पोचला असात मा तेका?"

उर्वीने खूप विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. "नाही, आजोबा. बारक्या फक्त तिकडचं इकडे आणतो. इकडचं तिकडे न्यायची वाटच नाहीये. त्यासाठी पाण्यात स्पीकर सोडावा लागेल आणि केंद्रात काही ठेवायचं म्हणजे संस्थेने रीतसर परवानगी द्यायला हवी."

"मग माग की परवानगी," आजोबा म्हणाले आणि कुशीवर वळले. "पुढच्या नारळी पौर्णिमेक माका थेट बोलूचा असा तेच्याशी."

उर्वी खिडकीजवळ बारक्याशेजारी जाऊन बसली आणि संस्थेला काय लिहायचं याचा विचार करू लागली. भिंतीतून हळूहळू ओहोटी लागल्याचा आवाज येत होता.